गाडीतल्या गाठी

माझ्या वडिलांची मोटरसायकल दोन तऱ्हांनी चालू होते. एक तर किक मारायची, नाहीतर सेल्फचं बटण दाबायचं. किक मारायला गुडघे लागतात आणि बाबांचे दोन्ही गुडघे भिवंडीच्या लूमवर उभं राहून राहून संपले आहेत. उजवा पाय उचलून झटक्यात खाली आणायचा, आणि तेवढा वेळ सगळं अंग डाव्या पायावर तोलायचं, हे आता जमणार नाही असं हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं. ब्रेक दाबण्यापुरता पाय चालतो. म्हणजे चालू गाडी ते चालवू शकतात, फक्त चालू करू शकत नाहीत. त्यामुळे आमच्या घराचा सगळा जीव त्या एका बटणात अडकला होता. बटण चाललं तर बाबा आपले आपण बाहेर पडणार, नाही चाललं तर ओटीवर बसून राहणार.

आणि बाबा ओटीवर बसले की घरातल्या भाजीपासून शेजारच्या कोंबड्यांपर्यंत कुणाचीच धडगत नसते. आई म्हणते, "यांना घरात बसवन्यापेक्षा मना बाहेर कामाला धाडा." ती हे थट्टेत म्हणते असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आम्ही खारबावचे. आमच्या गावात ज्यांच्या जमिनी रस्त्याला लागून होत्या त्यांच्या जमिनींवर आता गोडाऊनं उभी आहेत आणि त्यांच्या दारात मोठ्या गाड्या. बाबांच्या वाटणीला आलेला तुकडा खाडीच्या बाजूचा, खारट. त्यात ना धड भात झाला ना गोडाऊन. म्हणून ते तरुणपणीच भिवंडीतल्या निजामपुऱ्यात लूमवर गेले. आधी कापड विणलं, मग जॉबर झाले. लूम बिघडला की तो ठीक करणारा माणूस म्हणजे जॉबर. त्यांच्या कारखान्यातले अर्ध्याहून जास्त लूम आता भंगारात गेले, उरलेले रडतखडत चालतात, आणि जॉबरला तिथं काही काम राहिलेलं नाही. तरी बाबा रोज जायचे. चहा प्यायचे, चालू लूमच्या लोखंडावर तळवा ठेवायचे आणि आता याचं काय तुटणार ते सांगायचे. ते बऱ्याचदा बरोबर निघायचं. तेवढ्यासाठी का होईना, तिथं त्यांना अजून 'उस्ताद' म्हणत. घरात त्यांना कुणी उस्ताद म्हणत नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

माझ्या स्कूटरवर मागे बसून चला असं मी हजारदा म्हटलं. मी गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, माझा रस्ता तोच. पण बाबांचं ठरलेलं उत्तर होतं. "मी काय गठुडं हाय, मागं बांधून न्यायला?"

सेल्फचं दुखणं हळूहळू सुरू झालं. आधी बटण दाबलं की सीटखालून नुसता 'टक' असा आवाज यायचा आणि इंजिन हलायचं नाही. मग 'टक टक टक टक' असा चिडका आवाज. मग तोही नाही. काही आठवडे आम्ही असं चालवलं की सकाळी ड्युटीला निघताना मी किक मारून गाडी चालू करून द्यायची, बाबांनी चालू गाडीवर बसून जायचं, आणि परत निघताना कारखान्यात कुणाला तरी किक मारायला सांगायचं. मधे कुठे थांबायचं नाही. एकदा वंजारपट्टी नाक्यावर ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधोमध बाबा जाणाऱ्या-येणाऱ्याला विनवतायत, "भाई, जरा किक मार दो ना." कुणीतरी किक मारली आणि वर हसून म्हणालं, "चाचा, घर बैठो अब." त्या दिवसापासून बाबांनी गाडी बाहेर काढली नाही. आम्हाला कारण सांगितलं नाही. ते मला कारखान्यातल्या माणसाकडून कळलं आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. त्या हसणाऱ्याला शोधून त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं.

मग एका दुपारी बाबांनी गाडी स्वतः उघडली. मी संध्याकाळी घरी आले तर मोठ्या थाटात म्हणाले, "झाली गाडी. दाब बटन." मी बटण दाबलं. इंजिन ढिम्म. पण उजव्या बाजूचा इंडिकेटर लागला, आणि तोही लुकलुकला नाही, देवाच्या समईसारखा शांत जळत राहिला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "झाली कं चालू?" मी म्हटलं, "गाडी न्हाय, पण उजवीकडं वळाय तयार हाय." बाबांना ते आवडलं नाही.

गोडाऊनमध्ये आमच्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या असतात. त्या बंद पडल्या की इलेक्ट्रिशियनची वाट बघत बसण्यापेक्षा मीच मीटर लावायला शिकले होते. तो मीटर मी घरी आणला. पहिली बॅटरी तपासली, ती अर्धमेली. गोडाऊनच्या चार्जरवर रात्रभर लावून आणली, इंडिकेटरला चुकून जोडली गेलेली बटणाची वायर जागेवर लावली, तर एक दिवस सेल्फ छान लागला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेला. म्हटलं बॅटरीच जुनी असेल. नवी बॅटरी आणली. बाबांनी ती लेकरासारखी मांडीवर घेऊन रिक्षातून आणली. चार दिवस चैन, पाचव्या दिवशी तेच रडगाणं. मग किक मारून इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू असताना आकडा वर चढायला हवा, कारण इंजिन बॅटरीला चार्ज करत असतं. आकडा जागचा हलला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवी काय, सोन्याची बॅटरी बसवली असती तरी ती बसलीच असती.

बॅटरी पुन्हा चार्ज करून आणली आणि मोटर तरी धड आहे का हे बघायला मी रिलेच्या दोन्ही टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला. रिले म्हणजे सीटखालची ती डबी, जी बटणाचा हुकूम ऐकून मोटरला मोठा करंट सोडते. ठिणगी उडाली, मी किंचाळले आणि मोटर गर्रकन फिरली. बाबा खूश. "बग, मोटर ठणठणीत हाय." म्हणजे बॅटरी नवी, मोटर ठणठणीत. रिलेला बॅटरीतून थेट वायर लावून बघितली, तोही टक वाजला. जे काही होतं ते मधल्या बारीक वायरींमध्ये होतं, आणि त्या वायरी टाकीखालून, सीटखालून, काळ्या नळीतून कुठे कुठे गेलेल्या. तिथं माझी अक्कल संपली.

रविवारी निजामपुऱ्यातल्या मेकॅनिककडे गेलो. त्याचं दुकान म्हणजे दोन कारखान्यांच्या मधली बोळ. त्याने सीट काढली, टाकी काढली, वायरींची जुडी मोकळी केली आणि एका ठिकाणची काळी टेप सोलली. सोलून तो बघतच राहिला. मग दुसरी सोलली, तिसरी सोलली.

"ये किसने किया है?" त्याने विचारलं.

"मैंने," बाबा म्हणाले. "क्यूं?"

मेकॅनिकने शेजारच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या विणकराला हाक मारली. तो आला, त्याने जोड बोटात धरला, नखाने चाचपला आणि मान डोलावली. "ताने की गाँठ है. हाथ अच्छा है आपका, उस्ताद."

ती विणकराची गाठ होती. लूमवर ताण्याचा धागा तुटला की दोन टोकं अशा तऱ्हेने बांधतात की गाठ तिळाएवढी होते, फणीतून न अडकता निघून जाते आणि कितीही ओढली तरी सुटत नाही. बाबांनी ती आयुष्यभर इतक्या वेळा मारली आहे की त्यांची बोटं ती झोपेतसुद्धा मारतील. गाडीची वायर कुठे तुटली की ते दोन्ही टोकं सोलायचे, तांब्याच्या तारा वळायचे, गाठ मारायचे, वर टेप गुंडाळायचे. इतर कुणी पीळ देऊन सोल्डर लावलं असतं. भिवंडीच्या विणकराला तुटलेलं दिसलं की गाठच सुचते.

मेकॅनिकने बाबांना समजावलं, आणि चांगलं समजावलं. धाग्याला नुसतं धरून ठेवायचं असतं, वायरीतून करंट जायचा असतो. गाठ धरून ठेवते, पण तांबं तांब्याला पुरतं चिकटत नाही. त्यात तुमच्या खाडीची खारी हवा. एका गाठीत थोडा करंट अडतो, दुसरीत थोडा, आणि अशा इतक्या गाठी झाल्यात की बटणापासून रिलेपर्यंत पोचेपर्यंत काही उरतच नाही. चार्जिंगच्या वायरीचंही तेच. त्याने गाठ उघडून दाखवली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. "पूरी वायरिंग नई डालो," तो म्हणाला.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "गाँठ नहीं काटने का. एक भी नहीं."

मला वाटलं हा त्यांचा हट्ट आहे. आपल्या हातचं काम कुणी कापू नये असं माणसाला वाटतंच. पण घरी आल्यावर त्यांनी वेगळंच कारण सांगितलं. "रस्त्यात बंद पडली तं मना कसं कलंल कंची वायर कुठं जाते? गाठीवर हात फिरवला की कलतं. ही हॉर्नची, ही ब्रेकलाईटची. नव्या वायरिंगीत गुलगुलीत सगलं. काय हाताला लागनार?"

"डोळ्यांनी बघायचं ना," मी म्हटलं. "वायरींना रंग कशाला असतात?"

"लय शानी झालीस," असं म्हणून ते आत गेले.

मी त्यांच्या मागे लागले. रोज लागले. ओटीवर बसलेला माणूस किती दिवस तग धरणार? अखेर ते म्हणाले, "आन काय आनायची ती, पन बसवायची घरी. त्या बोळात माझा तमाशा नको." नवी वायरिंग तयार मिळते, त्या त्या गाडीच्या मापाची. ती आणली आणि रविवारी सकाळी ओटीसमोर प्लास्टिक अंथरून मी कामाला बसले. बाबा शेजारी खुर्ची टाकून, हातात चहा, तोंडात सूचना.

जुनी वायरिंग आख्खी काढली आणि नव्याच्या शेजारी लांब पसरली. कुठली वायर कुठे जाते ते कळावं म्हणून मी मागच्या लाईटपासून एकेक जोड उघडत पुढे येत होते. मागच्या बाजूचे जोड जुने होते, टेप कडक होऊन तुटत होती. आत लालला लाल, हिरव्याला हिरवी, काळ्याला काळी. गाठी तर अशा की हात लावायला वाईट वाटावं. मग सीटखालचे जोड आले, ते त्यांच्या मानाने मागाहूनचे. तिथे तपकिरीला लाल बांधलेली होती. चालायचं, तपकिरी आणि लाल जवळचे रंग. त्याच्या पुढे निळ्याला हिरवी. त्याच्या पुढे, हेडलाइटच्या मागच्या वाटीत, जे गेल्या काही महिन्यांत बांधलेलं होतं आणि ज्याची टेप अजून चिकट होती, तिथे पिवळ्याला काळी, करड्याला निळी. काही जोड तर मधेच सोडून दिलेले, दोन्ही टोकं सोलून ठेवलेली आणि बांधलेलीच नाहीत.

मी चिडले. "बाबा, काय केलंय हे? रंग बघता कं न्हाय? म्हणून इंडिकेटर पेटला तो. कुणाची टोपी कुणाला!"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, तो प्लास्टिकच्या कडेवर कलला आणि सांडला.

त्या सांडलेल्या चहाकडे बघताना माझा राग कुठल्या कुठे गेला. कारखान्यात रंगीत मालाचं काम असायचं तेव्हा चुकीच्या छटेच्या धाग्याची एक कांडी लागली तर हा माणूस शेडच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा. पिवळ्याला काळी बांधणारा माणूस तो नव्हे. मी दोन वायरी उचलल्या, एक हिरवी, एक निळी, आणि त्यांच्यासमोर धरल्या. "यातली हिरवी कंची?"

त्यांनी दोन्ही हातात घेतल्या, अंगठ्याने चोळल्या. "जाड हाय ती हिरवी. अर्थिंगची."

बरोबर होतं. मी दुसऱ्या दोन उचलल्या, एकाच जाडीच्या. "आणि यातली?"

त्यांनी मान वळवली. म्हणजे वायरींकडे नाही, वायरींपासून बाजूला, जशी कोंबडी दाणा बघताना मान तिरकी करते तशी. तिरकं बघत राहिले. मग हसले. "माझी परीक्षा घेतंस कं? तुज्या शालेत होतो कं मी?"

"बाबा, दिसत नाय तुमाला?"

"दिसतंय ना. तू दिसतंस. कडंकडंनं दिसतंय सगलं." आणि वायरी खाली ठेवत म्हणाले, "मधलं न्हाय दिसत."

मला काय काय आठवलं ते सांगता येत नाही. खारबाव ते भिवंडीचा तो रस्ता, गोडाऊनला जाणारे ते कंटेनर, खड्डे चुकवणाऱ्या रिक्षा, आणि त्यात हा माणूस मधलं न दिसता रोज जाऊन येऊन होता. आणि मी? मी रोज सकाळी ड्युटीला जाताना किक मारून त्याला त्या रस्त्यावर सोडत होते. कामाला लागलेला माणूस असं काही कळलं की काम टाकून उठतो, पण मी उठले नाही. मी वायरिंग बसवत राहिले. एकेक सॉकेट आपापल्या जागी टक टक बसत होतं, नवी वायर टाकीखालून सरळ निघत होती, आणि हात चालू होते तोवर मला बोलावं लागत नव्हतं. दुपारी बॅटरी जोडली आणि बाबांना म्हटलं, "दाबा."

त्यांनी बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. टक नाही, टकटक नाही. त्यांनी बंद केलं आणि परत दाबलं. परत लागलं. आई बाहेर आली. शेजारची बाई बाहेर आली. बाबा पुन्हा पुन्हा बंद करत होते आणि पुन्हा पुन्हा चालू करत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद असा होता की मला तिथं उभं राहवेना. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. बिघाड कुठे होता आणि मी मीटर कुठे लावत बसले होते.

"उद्या जातंव कारखान्यात," बाबा म्हणाले.

"आधी डोळे दाखवू," मी म्हटलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिला काहीतरी कळलं. की आधीच कळलं होतं? मी अजून विचारलेलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरने बाबांच्या डोळ्यात औषध घातलं, बराच वेळ आत बघितलं, आणि मग मला आत बोलावलं. रक्तातल्या साखरेने डोळ्यांचे पडदे खराब झालेत. दोन्ही. मोतीबिंदू असता तर काढला असता. इंजेक्शन देऊ, जी नजर आहे ती टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. लवकर आला असतात तर, असं ते म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. मग बाबांकडे वळून म्हणाले, "काका, वाहनाला हात लावायचा नाही."

बाबा म्हणाले, "डॉक्टर, गाडीची वायरिंग आताच नवी टाकलीय. एकदम फसकलास हाय."

डॉक्टरांनी इंजेक्शनची तारीख लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली.

परत येताना रिक्षात त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. लहान पोर आपली करामत सांगतं तसं. ते एसटीच्या मागे राहायचे, कारण लाल मोठी वस्तू कडेने दिसते आणि तिच्या मागे राहिलं की समोरून काही येत नाही. कंटेनर कानाने कळतो. स्पीडब्रेकर कुठे कुठे आहेत ते अंगात बसलेत. वळणावर टपरीचा भज्यांचा वास येतो. "कुनाला धडकलो कं मी आजपातूर? सांग." मी म्हटलं, नाही. "मंग?" ते म्हणाले. हे सगळं त्यांनी कित्येक महिने आमच्यापासून लपवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारखान्यातही कुणाला पत्ता नव्हता, तिथे ते सगळं हातानेच करायचे आणि आधीपासून तसंच करायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याच वेळी त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. त्यांना माझं रडणं दिसत नव्हतं. रिक्षावाल्याला आरशात दिसत होतं, त्याने गाण्याचा आवाज कमी केला.

मी सांगितलं, गाडी आता नाही. बाबा म्हणाले, "बरं." ते इतक्या लवकर बरं म्हणाले की मी ओळखायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते किल्ली मागायला लागले. नुसतं गावातल्या गावात जातो. नुसतं खाडीपर्यंत. नुसतं अंगणात फिरवतो. आईने किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली, तर त्यांच्याकडे दुसरी होती. मी ओरडले, ते ओरडले. "मना घरात मारून टाकायचं ठरवलंय कं तुमी?" असं त्यांनी विचारलं आणि आईने पदर तोंडाला लावला. सकाळी ते जाणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. गाडी चालू होत नव्हती तेव्हा मी ती चालू व्हावी म्हणून देवाला हात जोडले होते. आता ती हात लावताच चालू होत होती, आणि ती मीच तशी केली होती.

पहाटे मी बाहेर गेले. बॅटरीशेजारी प्लास्टिकची एक छोटी डबी असते, तिच्यात गाडीचा मुख्य फ्यूज असतो. तो काढला की हॉर्न नाही, लाईट नाही, सेल्फ नाही, काहीच नाही. त्याच डबीत, शेजारच्या खाचेत, एक जादा फ्यूजही दिलेला असतो, जळला तर लावायला. मी दोन्ही काढले आणि पर्समध्ये टाकले. मला वाटलं होतं, बाबा बटण दाबतील, काही होणार नाही, ते वैतागतील, मी म्हणेन मेकॅनिकला दाखवू, आणि असे दिवस जातील. गाडी बिघडली असं त्यांना वाटलं तर निदान आम्ही त्यांना अडवलं असं वाटणार नाही. एवढा साधा हिशोब होता.

ते धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून आले. मी डबा भरत दाराशी उभी होते. त्यांनी किल्ली फिरवली, बटण दाबलं. काही नाही. हॉर्न दाबला. काही नाही. ते खाली उतरले, बाजूचं झाकण काढलं आणि हात आत घातला. जागा बघावी लागत नाही असा तो हात. डबीचं झाकण उघडल्याचा आवाज मला आला.

जळलेला फ्यूज जागेवरच राहतो. तो काही आपणहून उठून जात नाही. बाबांचं बोट खाचेवर गेलं, खाच रिकामी. मग ते शेजारच्या, जादा फ्यूजच्या खाचेवर गेलं. ती पण रिकामी. बोट तिथेच थांबलं. मला वाटलं आता ते वळतील आणि माझं नाव घेऊन हाक मारतील, आणि खरं सांगते, त्यांनी हाक मारावी, शिव्या घालाव्यात, असं मला मनापासून वाटलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग बाजूचं झाकण लावलं, त्याची खिट्टी बसली का ते हाताने दाबून बघितलं.

"बॅटरी बसली वाटतं," ते म्हणाले.

"संध्याकाळी येताना बघते," मी म्हटलं.

"नको बगू," बाबा म्हणाले, आणि भिंतीला हात लावत ओटीवर येऊन बसले.